टाकीवरचा संशय

“नितीन डिझेल विकतोय. फक्त पकडायचाय,” पाटील सर म्हणाले. “महिनाअखेरीला काढतो त्याला.”

आमच्या गाड्या विठ्ठलवाडीच्या पेशंटना डायलिसिससाठी ठाण्याला नेतात. गाडीचा अॅव्हरेज, म्हणजे लिटरमागे किती किलोमीटर, हे बघणं माझं काम. ड्रायव्हर नितीनदादांची गाडी तशाच दुसऱ्या गाडीपेक्षा सतत कमी देत होती.

संशय मलाही होता. मी गाडीजवळ गेले की दादा आड येऊन उभे राहायचे. टाकीचं झाकण तपासलं, काही सापडलं नाही.

“वास पण घेऊन बघा मॅडम,” दादा म्हणाले.

खाली वाकले होते म्हणून टायर दिसला. तळाशी पसरलेला. गेज लावला. तेहतीस पीएसआय हवी तिथे हवा बावीस.

“एवढी कमी का?”

“उन्हाळा आहे. हवा फुगते.”

उत्तर जरा जास्तच पटकन आलं.

टायर जिथे टेकतो तिथे दबतो, पुढे गेला की परत फुगतो. या दबण्या-फुगण्यात इंधन वाया जातं. हवा कमी, तर दबणं जास्त. हे सरांना सांगितलं तर हसले.

म्हणून बाळकुमच्या एका सपाट रस्त्यावर पहाटे सर आणि दादांना घेऊन दोन्ही गाड्या नेल्या. सारख्या वेगाला न्यूट्रल करून, म्हणजे इंजिनचा जोर काढून, सोडल्या. दादांची खूप आधी थांबली.

“सर, न्यूट्रलमध्ये कोण डिझेल चोरणार?” मी हळूच म्हटलं.

तेव्हा दादा बोलले. “माझ्या गाडीतल्या पेशंट सुर्वे आजींना खड्ड्यांत उलट्या होतात. हवा कमी ठेवली की गाडी मऊ चालते. तुम्हाला सांगितलं असतं तर म्हणाला असतात, शहाणपणा नको.”

“कमी हवेचा टायर तापून फुटतो, दादा. आजी आतच असतील,” मी म्हटलं.

हवा भरली. अॅव्हरेज वाढला, पण पूर्ण नाही. मग टायरवरचे आकडे वाचले. एक साइझ मोठे. मोठं चाक एका फेरीत जास्त अंतर कापतं, मीटरला ते कळत नाही. गाडी जास्त धावते, नोंद कमी होते.

“मोठे कोणी बसवले?”

“सरांनीच. दुकानात बरोबरचे नव्हते,” दादा म्हणाले. सर फोन बघू लागले.

टायर बदलले, अॅव्हरेज जुळला. दादा कामावर राहिले. आजी आता पुढच्या सीटवर बसतात आणि दादा गाडी हळू चालवतात.

तरीही सरांनी दोन्ही टाक्यांना कुलपं लावलीत. हवा अजून मीच तपासते.