वांगं ज्याच्या हातात

साठी उलटल्यावर मी विद्यापीठात नाव घातलं. विषय गुन्हेगारी न्याय, आणि त्यातही भर पुनर्स्थापनात्मक न्यायावर. हा शब्द माझ्या कवळीला झेपत नाही. पहिल्याच दिवशी तो म्हणताना कवळी हलली आणि शेजारच्या नशिराबादच्या मुलीने ओढणी तोंडावर धरून हसून घेतलं. मला त्यातलं कळलं ते एवढंच: गुन्हेगाराला शिक्षा किती, इथेच थांबायचं नाही. कुणाला लागलं, त्याला आता काय हवं आणि ते कुणी करायचं, हेही विचारायचं.

हे ऐकताना मला तिशीतली एक बाई आठवायची. मीच ती. तिला न्यायाधीश व्हायचं होतं. वडिलांनी लग्न लावून जळगावला धाडली, तर तिने तिथल्या पिंप्राळा भागातल्या दोन खोल्यांत कोर्ट भरवलं. दूधवाला आरोपी, जाऊ आरोपी, नवरा तर कायमचा आरोपी. तोरा असा की कुकरनेही परवानगी घेऊन शिट्टी द्यावी.

तिचा सगळ्यात गाजलेला निकाल साक्रीकडचा आहे. तिथे माझं माहेर. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडे लेकी माहेरी जातात, झाडाला झोके बांधतात, गाणी म्हणतात. पण लेक आपली आपण जात नाही, भाऊ न्यायला येतो. त्याला मुराळी म्हणतात. माझा भाऊ दरवर्षी यायचा. घरात न शिरता फाटकाची कडी वाजवत राहायचा आणि ओरडायचा, "चाल वं बाई, झोका वाट देखी ऱ्हायना."

एका वर्षी त्याने वाटेत काहीच सांगितलं नाही. अंगणात पाऊल टाकलं तर निंब नव्हता, बुंधा तेवढा उरलेला. त्याच निंबाखाली आई आम्हाला झोके द्यायची, आणि ती जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. मी विचारलं तर भाऊ म्हणाला, "झाडच व्हतं ना."

बाईसाहेबांनी तिथल्या तिथे निकाल दिला. साक्ष नाही, पुरावा नाही, आरोपीला बाजू मांडायची सोय नाही. आजन्म अबोला. पिशवी उचलली आणि निघाल्या. एसटीत बसल्यावर लक्षात आलं की चपला माहेरीच राहिल्या. एवढ्या थाटात निकाल देऊन अनवाणी घरी आलेली न्यायाधीश दुसरी नसेल.

भाऊ पुन्हा आला नाही. तोही त्याच आईचा, माझ्याएवढाच हट्टी. वहिनी फोन करायची, भाचे येऊन जायचे. वहिनीशी बोलताना मागून त्याचा खोकला ऐकू यायचा. तो ऐकायला मिळावा म्हणून मी लोणच्याची कृती पुन्हा पुन्हा विचारायची. वहिनीला वाटत असेल, हिची स्मरणशक्ती गेली. आणि चैत्र सरत आला की माझे कान फाटकाकडे लागायचे. कडी वाजायची. गॅसवाला असायचा.

यंदा हिवाळ्यात आमच्या मॅडमनी वर्गात सगळ्यांना गोल बसवलं. एक वस्तू हातोहात फिरवायची, ती ज्याच्या हातात त्यानेच बोलायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. मॅडम आणायची वस्तू घरी विसरल्या होत्या. नशिराबादच्या मुलीने पिशवीतून भरताचं वांगं काढलं, हिरवट, चांगलं हातभर. तेच फिरलं. कुणाचा मोबाईल चोरीला गेला होता, कुणाला शाळेत सगळ्यांनी चिडवलं होतं. वांगं माझ्याकडे आलं आणि मी निंबाचं बोलून बसले.

"आजी, आता तुम्हाला काय हवंय?" मॅडमनी विचारलं. वर्गात त्या मला नावाने बोलवायच्या, त्या दिवशी आजी म्हणाल्या.

"निंब."

"तो येणार नाही. दुसरं काय?"

मी वांग्याचं देठ कुरवाळत बसले. मग म्हणाले, "त्याने मला न्यायला यावं." या वयात, नातवंडांएवढ्या पोरांसमोर. कुणी हसलं नाही.

मॅडम म्हणाल्या, "अशा वेळी मधला माणूस लागतो. आधी दोघांकडे जाऊन बोलणारा, मग दोघांना समोरासमोर आणणारा."

"म्हणजे मुराळीच की, मॅडम," नशिराबादची मुलगी म्हणाली.

मधला माणूस शोधायला हवा होता. पण धीर हा विषय मी अजून पास झालेले नाही. दुसऱ्याच दिवशी त्या मुलीकडून मागून घेतलेलं वांगं पिशवीत घातलं, धुळ्याला गाडी बदलली आणि साक्रीला उतरले. स्वतःच स्वतःची मुराळी.

फाटकाची कडी मी वाजवली. वहिनी ओट्यावर आली आणि जागीच थांबली. मग म्हणाली, "या ना अक्का, बठा." भाऊ बाजेवर उन्हात बसला होता. इतका आकसला होता, की मला आधी आमचे वडीलच बसलेत असं वाटलं. मी शेजारी बसले, वांगं त्याच्या हातात ठेवलं आणि नियम सांगितला. हे तुझ्या हातात आहे तोवर तूच बोलायचं, मी नाही.

त्याने ते उलटसुलट करून पाहिलं. "भरीत करनं शे का यानं?"

मी गप्प. नियम म्हणजे नियम.

मग बुंधा होता त्या जागेकडे त्याने पाहिलं. आता तिथे फरशी आहे. मुळं भिंतीत शिरली होती, हे तो पहिल्यांदाच बोलला. मग खोकला. तो खोकला फोनमधला नव्हता, माझ्या खांद्याला लागत होता.

"तुले इचारं नही मी," तो म्हणाला.

आत वहिनीने भांडी वाजवणं थांबवलं होतं. आखाजी अजून लांब होती. भावाला काठीशिवाय उठता येत नव्हतं आणि मला त्याची जळगावपर्यंतची वाट दिसत होती, एसटीच्या उंच पायऱ्यांसकट.

"लेवाले येसू मी," तो म्हणाला, म्हणजे मला न्यायला. "पन झोका कोठे बांधसूत?"

वांगं अजून त्याच्याच हातात होतं. ते मागायला मी हात पुढे केला.