पंच्याहत्तरवर ठेवलेली खोली

कंट्रोलरकाकांना साधं बोलता यायचं नाही. ते घोषणा करायचे. एस.टी.त वाहतूक नियंत्रक म्हणून त्यांची उभी नोकरी स्टँडवरच्या मायक्रोफोनसमोर गेली. निवृत्त झाल्यावर मायक्रोफोन तिथेच राहिला, आवाज मात्र घरी आला. "सुमन, चहा लागलेला आहे." "सुमन, मी दळण आणायला निघालो आहे. मध्ये कुठेही थांबा नाही." पंचवटीच्या मागच्या अंगाला, मखमलाबाद रस्त्यावर त्यांचं घर होतं आणि वरच्या मजल्यावर आम्ही भाड्याने राहायचो. मी शाळेत इंग्रजी शिकवायचे. संध्याकाळी पेपर तपासायला बसले की खालून त्या घोषणा सुरू व्हायच्या, आणि सुरुवातीला मला त्यांचा भयंकर राग यायचा. बायको हाताच्या अंतरावर पडलेली असताना एवढं खणखणीत बोलायचं काय कारण, हे मला कळायचं नाही.

काकू त्या खोलीतून कुठे जात नसत. आम्ही राहायला येण्याआधी काही वर्षं, गच्चीवरून वाळलेले कपडे घेऊन उतरताना त्या जिन्यावरून पडल्या आणि मानेचा मणका गेला. हातपाय हलत नाहीत हे कुणालाही दिसायचं. जे दिसत नव्हतं ते काकांनी मला पहिल्याच हिवाळ्यात समजावून सांगितलं. आपल्याला गार वाटलं की आपण कुडकुडतो, उकडलं की घाम येतो. काकूंचं अंग यातलं काहीच करत नसे. खोली गार पडली की त्याही गार पडत जायच्या आणि त्यांना पत्ता लागायचा नाही. अशाच एका पहाटे त्यांची जीभ जड झाली, ओठ निळे पडले. कसंबसं वाचवल्यावर डॉक्टरांनी काकांना स्पष्ट बजावलं, की अजून थोडा उशीर झाला असता तर हाती काही लागलं नसतं. तेव्हापासून काकू म्हणायच्या, "माझी कातडी यांच्या अंगावर आहे."

नाशिकची थंडी बाहेरच्यांना गुलाबी वाटते. कडाका पडला की इथले द्राक्षवाले पहाटे बागेत शेकोट्या पेटवून धूर करतात, वेलींना ऊब मिळावी म्हणून. तो धूर आमच्या खिडकीपर्यंत आला की खाली काका उठल्याचा आवाज यायचा. मग हीटर लावायचा, खोली फार तापली की बंद करायचा, काकूंच्या काखेत थर्मामीटर ठेवायचा, पुन्हा हीटर. उन्हाळ्यात हेच सगळं कूलरच्या बाबतीत. या माणसाला सलग झोप अशी मिळतच नव्हती. मी कधी काही म्हटलं तर उत्तर ठरलेलं, "ड्यूटीवर झोपलं तर मेमो मिळतो."

काकूंचा भाऊ सटाण्याचा, कांदे-डाळिंबं पिकवणारा. त्याचा मुलगा अमेरिकेत होता. तो एकदा सुट्टीवर आला तेव्हा आत्यासाठी थर्मोस्टॅट घेऊन आला. भिंतीवर लावायचा एक पांढरा डबा, त्याला हिरवट पडदा आणि मोजकी बटणं. कोणत्या वेळी खोली किती गरम हवी ते त्यात भरून ठेवायचं, म्हणजे हीटर आपोआप चालू-बंद होतो. भाच्याने वायरमन बोलावून हीटर आणि कूलर त्याला जोडून घेतले. वायरमनला डबा दाराजवळ लावायचा होता, तिथे वायर जवळ पडत होती. काका ऐकेनात. त्यांनी तो काकूंच्या पलंगासमोरच्या भिंतीवर, तोही खाली, उशीवरून सरळ नजर जाईल एवढ्या उंचीवर बसवून घेतला. येणाराजाणारा म्हणायचा, हा कॅलेंडरसारखा खाली का लावलाय? काका म्हणायचे, "प्रवाशाला वेळापत्रक दिसलं पाहिजे."

डब्याबरोबर इंग्रजी पुस्तिका होती. भाचा परत गेला आणि ती वाचायला माझ्याकडे आली. दिवसाच्या चार वेळा त्यात छापलेल्या होत्या: वेक, लीव्ह, रिटर्न, स्लीप. मी पलंगाशी बसून सांगितलं, "उठायची वेळ, बाहेर जायची वेळ, घरी परत यायची, झोपायची. माणसं बाहेर गेली की खोली गार पडू द्यायची, म्हणजे वीज वाचते." बोलून गेले आणि जीभ चावली. काकू छताकडे बघत होत्या. बाहेर जायची वेळ म्हणजे काय, हे मी कुणापुढे वाचत होते! काकांनी मात्र क्षणभरच विचार केला. "त्या अमेरिकेत माणसं बाहेर जातात," ते म्हणाले, "आपल्याकडे माणसं घरातच, बाहेर जाते ती वीज. लीव्ह म्हणजे भारनियमन. रिटर्न म्हणजे वीज परत आली." काकू हसल्या. एवढं हसताना मी त्यांना पहिल्यांदाच पाहिलं.

आणि खरंच, ते यंत्र त्यांनी असंच चालवलं. त्या वर्षांत विजेचा भरवसा नव्हता. भारनियमनाच्या वेळा पेपरात यायच्या आणि बदलायच्या. इन्व्हर्टरवर पंखा आणि ट्यूब चालायची, हीटर नाही. म्हणून वीज जायच्या आधीच खोली ऐंशीपर्यंत तापवून ठेवायची, खिडकीला गोधडी लावायची, दाराच्या फटीत दुसरी गोधडी गुंडाळून सारायची आणि वीज येईपर्यंत तेवढ्या उबेवर काढायचं. एरवी पंच्याहत्तर. हे सगळे आकडे फॅरनहाइटचे. भाच्याने सेल्सिअसचं बटण दाखवलं होतं, पण काकांनी ते घेतलं नाही. काकूंचा थर्मामीटर फॅरनहाइटचा, म्हणून खोलीही फॅरनहाइटचीच. "बाईची आणि खोलीची भाषा एक असावी," असं त्यांचं म्हणणं. काकू म्हणायच्या, "माझ्यापेक्षा खोलीच्या तब्येतीची जास्त चौकशी असते."

वेळापत्रक बदललं की काका खुर्ची ओढून डब्यासमोर बसायचे आणि प्रत्येक बटणाची घोषणा करायचे. "सेट दाबलेलं आहे. मंगळवार. वेक, पावणेआठ, ऐंशी. लीव्ह, साडेनऊ." नुसती घोषणा करून थांबायचे नाहीत. "सुमन, परत म्हण." काकू वैतागायच्या. "मला कशाला? माझं बोटसुद्धा हलत नाही." "तोंड हलतं ना? परत म्हण." मग काकू पाढे म्हटल्यासारखं म्हणायच्या आणि चुकल्या की काका पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचे. वर बसून मला वाटायचं, स्टँडवरची हजार माणसं गेली, आता या एकुलत्या एका श्रोत्याला काही हा माणूस सोडत नाही.

काकूंना थंडी कळायची ती फक्त चेहऱ्याला. एका पहाटे त्या म्हणाल्या, "तेवढ्या वीतभर जागेत मला हिवाळा भेटतो, तोही तुम्ही बंद करून टाकला." मी दुधाची पिशवी द्यायला खाली उतरले होते, मला वाटलं आता रागावतील. त्यांनी खिडकीवरची गोधडी काढली. काकूंना मानेपर्यंत पांघरुणात गुंडाळलं आणि खिडकी उघडली. "सुमन, अल्प थांबा. प्रवाशांनी खाली उतरू नये." द्राक्षबागेतला धूर आणि गार वारा आत आला. काकूंनी डोळे मिटून घेतले. काका शेजारी उभे राहून डब्यावरचा आकडा उतरताना बघत राहिले आणि सत्तर झाल्याबरोबर त्यांनी खिडकी लावली. त्यानंतर थंडीत रोज पहाटे हा थांबा घेतला जायचा. नवरा-बायकोचं प्रेम मी पुष्कळ पाहिलंय, पण असं वाऱ्याच्या एका झुळकेचा हिशेब ठेवणारं दुसरं पाहिलं नाही.

एकदा माझ्यादेखत काकू स्पष्टच म्हणाल्या, "हे आधी गेले तर माझं काय, सांग बरं वंदना." काकांनी पेपरातून मान वर केली नाही. "एक कंट्रोलर सुट्टीवर गेला म्हणून स्टँड बंद पडत नाही," एवढंच म्हणाले.

ते गेले जानेवारीत, सकाळी, चहाचा कप हातात असताना. छाती धरून बसले ते उठलेच नाहीत. डॉक्टर येऊन मान हलवून गेले. तासाभरात घर माणसांनी भरलं. काकांना बाहेरच्या खोलीत ठेवलं होतं. मयताच्या घरी जसं असतं तसं सगळं होतं. दारं सताड उघडी, माणसांची ये-जा, बाहेर चपलांचा ढीग. प्रत्येक बाई आत येऊन काकूंच्या कपाळाला हात लावायची, रडायची आणि दार उघडं टाकून जायची. एवढ्यात दिंडोरीकडची काकांची थोरली चुलत बहीण आत आली. तिला हीटर दिसला. "मयत घरात हाय अन् हिथं इस्तव पेटवून बसलात? चूलसुद्धा पेटवू नाय अशा येळंला!" म्हणत तिने हीटरचं भिंतीवरचं बटण बंद केलं. तिचं काही चुकलं असं तेव्हा कुणालाच वाटलं नाही, मलाही नाही. घरातला कर्ता माणूस गेला होता आणि आमच्यापैकी कुणाचंही लक्ष खोलीकडे नव्हतं.

"वंदना." काकूंचा आवाज लहानच होता, पण एकदम सपाट. "आकडा वाच."

मी डब्याकडे पाहिलं. सहासष्ट.

"दार लाव. खिडकीला गोधडी. हीटरचं बटण चालू कर. आज मंगळवार, साडेनऊला वीज जाते. त्याआधी ऐंशी झाली पाहिजे. वरचा बाण दाब. थांबू नको, ऐंशी दिसेपर्यंत दाब. आता होल्ड दाब, म्हणजे आकडा तिथेच राहतो."

शब्द न् शब्द काकांचा होता. त्या सांगतील तशी मी बटणं दाबत गेले. एवढी वर्षं ज्या घोषणांचा मला वैताग यायचा, त्या कुणासाठी होत्या आणि कोणत्या सकाळसाठी होत्या, हे मला त्या भिंतीसमोर उभी असताना कळलं.

बहीण हबकून बघत होती. "अगं, तुझा नवरा भायेर पडलाय अन् तू खोल्या तापवतीस?"

"वन्सं, तो विस्तव नाही," काकू म्हणाल्या. "ती त्यांची ड्यूटी आहे. बंद करायची नाही."

मी दाराला पाठ लावून उभी राहिले आणि कुणाला आत येऊ दिलं नाही. काकूंचे ओठ फिकुटले होते. "वाचत राहा," त्या म्हणाल्या. मी वाचत राहिले. अडुसष्ट. एकाहत्तर. बाहेर कुणीतरी मोठ्याने रडत होतं. काकू डोळ्यांची पापणी न हलवता समोरच्या पडद्याकडे बघत होत्या. चौऱ्याहत्तर. मी पंच्याहत्तर म्हटलं आणि त्यांचा चेहरा पिळवटला. त्या रडायला लागल्या. आडव्या माणसाचे अश्रू कानात जातात, आणि त्यांना ते पुसताही येत नव्हते. मी पदराने पुसत बसले. वीज गेली तेव्हा खोली चांगली उबदार होती आणि काकांना बाहेर नेत होते. काकूंना दिसावं म्हणून त्यांना दारापाशी जरा थांबवलं. तेवढ्यापुरतं दार उघडलं आणि लगेच लावलं.

बायका नंतर म्हणाल्या, फार घट्ट मनाची बाई. मी कुणाला काही समजावत बसले नाही.

महिनाभर काकू सांगायच्या आणि मी बटणं दाबायचे, मग सटाण्याहून भाऊ न्यायला आला. "ताई, चाल. घर तुनंच शे," तो अहिराणीत म्हणाला. थर्मोस्टॅट त्यानेच भिंतीवरून काढला आणि गोधडीत गुंडाळला. जीपचा मागचा भाग आधीच गरम करून घेतला होता, काकूंना तिथे निजवलं. मी निरोप द्यायला वाकले तेव्हा त्या हळूच म्हणाल्या, "मला शपथ घातली होती गं त्यांनी. म्हणाले होते, मी गेलो की लोक येतील आणि दारं उघडी टाकतील. तू आधी खोली पंच्याहत्तरवर आणायची, रडायचं नंतर." मग त्यांनी माझ्याकडे बघून विचारलं, "पंच्याहत्तर होईपर्यंत थांबले ना मी?"

"थांबलात, काकू," मी म्हटलं.

भाऊ काच वर करायला लागला. "राहू दे," काकू म्हणाल्या. "नाक्यापर्यंत उघडी. मग बंद."

जीप निघाली. बागेतला धूर अजून रस्त्यावर होता. मी फाटकाशी उभी राहून बघत राहिले. नाक्यावर जीप जराशी थांबली, काच वर गेली आणि मग ती सटाण्याच्या रस्त्याला लागली.