शिवम्माला दिवस गेले की काय

शिवम्माची आणि माझी पहिली भेट झाली त्या दिवशी मला वाटलं, गल्लीत युद्ध पेटलंय. आधी धडाधड थापांचे आवाज आले. खिडक्या हादरल्या, दोन कुत्री शेपूट घालून पळाली. मग एका दारातून धुराचा लोट बाहेर पडला आणि त्या धुरात, चौकटीत जेमतेम मावणारी एक बाई दिसली. तिच्या हातांत ज्वारीची भाकरी अशी गरगरत होती की पृथ्वीनं येऊन फिरायचे धडे घ्यावेत. माझ्याकडे न बघताच तिनं विचारलं, "किती?"

"चार," मी म्हणाले.

भाकरी हवेतच थांबली. शपथेवर सांगते, थांबली.

"चार? अक्का, पाखरं पाळलीत का काय?"

मी निमूटपणे पन्नास कडक भाकऱ्या घेऊन घरी आले. आम्ही घरात तिघं. कडक भाकरी महिनाभर टिकते हे एक बरं. आमची मैत्री त्याहून जास्त टिकली, कारण शिवम्माशी मैत्री मोडायची कशी हे कुणालाच माहीत नाही.

तिचा नवरा बसलिंगप्पा म्हणजे तिनं आयुष्यात थापलेली सर्वांत पातळ भाकरी. तो मोपेडवरून खानावळींना माल पोचवतो आणि दिवसाला साधारण सहा शब्द बोलतो. उरलेले सगळे शिवम्मा बोलते. ती कुजबुजली तर शेजारच्या गल्लीला ऐकू जातं, आणि मोठ्यानं बोलली तर पार शहराबाहेरच्या कुंभारी गावाला.

पन्नाशी ओलांडली आणि शिवम्माची पाळी थांबली. सहा-सात महिने आलीच नाही. दुसरी एखादी बाई हळूच मैत्रिणीच्या कानात सांगेल. हिनं गल्लीभर होळग्या, म्हणजे आपल्या पुरणपोळ्या, वाटल्या. कशाबद्दल म्हणून विचारलं की सांगायची, "रिटायर झाले की!" एवढ्यावर थांबली नाही. जाऊन तांबी काढून आली.

"अगं, डॉक्टरांना विचारलंस का?" मी म्हटलं.

"कशाला? काम संपल्यावर राखणदाराला कोण पोसतं?"

मग मे उजाडला. तिची लेक चेतना पहिल्या बाळंतपणासाठी अक्कलकोटहून माहेरी आली. सातवा लागला होता. आपल्याकडं डोहाळजेवण असतं, तसा शिवम्माकडं कुबसा असतो. लेकीला हिरवी चोळी, हिरव्या बांगड्या घालायच्या आणि पहिली ओटी आईनं भरायची. दिवस ठरला, मांडव सांगून झाला. आणि शिवम्माला मळमळायला लागलं.

आधी सकाळी, मग भाकरीच्या वासानं. भाकरीच्या वासानं शिवम्माला मळमळावं म्हणजे माशाला पाण्याची शिसारी यावी! पोट पुढं आलं. चिंचेवर हात पडायला लागला. एक दिवस शेजारच्या अनसूयाकाकू ओट्यावर बसून दोघी मायलेकींकडं आळीपाळीनं बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "शिवम्मे, पोट तुजं पुडं हाय की पोरीचं?"

शिवम्मा हसली. काकू हसल्या नाहीत.

"हसू नगं. पोटुशीनं पोटुशीची ओटी भरायची नसती. पोरीला बादतं."

हे शास्त्र कुठलं, ते काकूंनाच ठाऊक. पण ते शिवम्माच्या काळजात खिळ्यासारखं बसलं. दुसऱ्या दिवशी ती माझ्या दारात उभी. आवाज चक्क माणसासारखा.

"अक्का, कुबसा तोंडावर आला. पोरीची ओटी मी भरू का नको, तेवडं कळू दे. आनि दिवस गेलेच असतील तर व्याह्यांना काय सांगू? लेकीच्या बाळाला मामा होनार, बाळापेक्षा ल्हान?"

"बसलिंगप्पा काय म्हणतात?"

"त्येंनी मिशीला कलप लावलाय," शिवम्मा म्हणाली.

खरंच लावला होता. शिवाय मोपेडवर ताठ बसायला लागला होता.

गल्लीतल्या कुणी बघू नये म्हणून शिवम्मानं शहराच्या दुसऱ्या टोकाचा दवाखाना निवडला. तोंडावर पदर घेऊन आत शिरलो. कोपऱ्यातली एक बाई म्हणाली, "अय्या, भाकरीवाल्या शिवम्मा!" दुसरी म्हणाली, "मावशी, मागच्या खेपेच्या जरा जाड होत्या हां." तिसरीनं तिथंच शंभर भाकऱ्यांची ऑर्डर दिली. लपायला निघालेली बाई अर्ध्या सोलापूरला जेवू घालते, हे आम्ही दोघीही विसरलो होतो. तेवढ्यात काउंटरवरच्या मुलीनं पुकारा केला, "शिवम्मा! गरोदरपणाची तपासणी!"

सगळ्या माना शिवम्माकडं वळल्या. शिवम्मा उठली, सगळ्यांवर एक नजर फिरवली आणि म्हणाली, "काय बगताय? शंभर कुनाला पायजे हुत्या?" आणि आत गेली.

डॉक्टर आफरीन शिवम्माच्या लेकीच्या वयाच्या. त्यांनी लघवीची तपासणी केली, सोनोग्राफी केली, मग खुर्ची पुढं ओढून बसल्या.

"मावशी, दिवस गेलेले नाहीत. पोटात गॅस आहे आणि पित्त वाढलंय. खाणं काय चाललंय?"

मी म्हटलं, "लेकीसाठी गल्लीतून डोहाळ्याचे डबे येतात. लेक दोन घास खाते."

"आणि बाकीचं?"

शिवम्मा छताकडं बघायला लागली.

"बरं, रात्री अंगातून वाफा निघतात?"

"अय्यो डाक्टरबाई! सोलापुरात मे म्हयन्यात कुनाच्या निगत न्हाईत?"

"डिसेंबरात?"

"डिसेंबरात चुलीपुडं हुते की."

"आणि चूल विझल्यावर?"

शिवम्मा पहिल्यांदाच विचार करायला लागली. "तवा... तवापन निगायच्या. मी ह्येंना म्हनले, पत्रा तापलाय. डिसेंबरात."

डॉक्टर हसल्या. म्हणाल्या, "तो पत्रा तुम्हीच. पाळी जायच्या आधी काही वर्षं असं होतं. पण मावशी, पाळी थांबली म्हणजे गेली असं नसतं. या वर्षांत स्त्रीबीज कधी तयार होतं, कधी नाही. त्यामुळे दिवस राहू शकतात. क्वचित, पण क्वचित म्हणजे कधीच नाही असं नव्हे. पन्नाशीनंतर सलग बारा महिने एकदाही आली नाही, तर गेली म्हणायची. तांबी काढायची घाई केलीत."

"आनि बारा म्हयन्यानंतर?"

"मग आपोआप दिवस राहत नाहीत."

"मग पेपरात साठीच्या बाईला जुळं झालं, ते ओ?"

"तिथं बहुतेक दुसऱ्या तरुण बाईचं बीज घेतात, बाहेर गर्भ तयार करतात आणि औषधं देऊन पिशवीत ठेवतात. घरबसल्या होत नाही ते."

"म्हंजे कलप लावून हुत न्हाय," शिवम्मा माझ्याकडं बघून म्हणाली.

डॉक्टरांनी शेवटी बजावलं, "आणि बारा महिने होऊन गेल्यावर कधी रक्त दिसलं, एक थेंब जरी, तरी 'परत आली' म्हणून होळग्या वाटायच्या नाहीत. सरळ माझ्याकडं यायचं."

होळग्यांचं डॉक्टरांना कुणी सांगितलं, देव जाणे. बाहेर बसलेल्यांपैकीच कुणी असणार.

बाहेर रस्त्यापलीकडं बसलिंगप्पा मोपेड धरून उभा होता. शिवम्मानं रस्त्याच्या या बाजूनंच निकाल जाहीर केला. "न्हाय ओ! गॅस हाय!"

बसलिंगप्पा म्हणाला, "बरं." मोपेडला किक मारायला त्याला चार खेपा लागल्या.

कुबशाला मांडव गच्च भरला. चेतना हिरव्या चोळीत पाटावर बसली. अनसूयाकाकूंनी शिवम्माच्या पोटाकडं बघितलं. शिवम्मानं सूप उचललं, काकूंसमोर जाऊन उभी राहिली आणि मांडवाला ऐकू जाईल अशी कुजबुजली, "गॅस हाय, काकू. डाक्टरनं मिशीनमदी बगितलाय. गॅसनं ओटी भरली तर चालती का तुमच्या शास्त्रात?"

मांडव हसून फुटला. काकूंनाही हसू फुटलं. पहिली ओटी शिवम्मानं भरली, आणि भरताना डोळे पुसून घेतले, धूर नसताना.

पावसाळ्यात चेतनाला मुलगी झाली. बारशाच्या दिवशी शिवम्माला पाळी आली, आणि बारा महिने पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागले.