हळदीचं बोट

मॅडमनी मला वाचवलं, हे आधी सांगते. बाकीचं मग.

आठवीत शाळा सुटली. रेणापूरकडचं गाव सोडून मी नांदेडला आले ती मॅडमच्या प्रयोगशाळेत काचेची भांडी धुवायला. दारुहळदीच्या मुळीत पिवळं, कडू औषध असतं आणि त्यापायी झुडपं मुळासकट उपटतात. त्या झुडपाची जनुकं मॅडमनी यीस्टमध्ये घातली होती. खाऊ म्हणून टायरोसिन द्यायचं, म्हणजे प्रथिनांतलं एक अमिनो आम्ल, आणि यीस्टनं त्याचं ते औषध करायचं. मी म्हणाले, विरजणासारखंच की. मॅडम म्हणाल्या, हो, पण माझं दही काही लागून नाही राहिलं.

खंडेनवमीला आमच्याकडं विळे-कुदळी पुजतात. मॅडम म्हणाल्या, आपलीही अवजारं पूज. मी यंत्रांना हळदकुंकू लावलं, आणि हौसेनं नमुन्याच्या धुतलेल्या बाटल्यांच्या तोंडालाही. कुणी अडवलं नाही. मॅडमनी हात जोडले.

पुढं त्याच बाटल्यांत यीस्टचा अर्क स्पिरिटमध्ये भरला. जांभळ्या दिव्याखाली तो पिवळा चमकला, ते औषध चमकतं तसाच. मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं, पेढे वाटले. कामाची मुदतवाढ यावरच अडली होती. पक्क्या तपासणीला नमुना लातूरला गेला. तिकडून कळलं, ही स्वयंपाकातली हळद आहे.

संस्थेचे मोठे साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, "आता कुंकवावरही संशोधन करा." मग विचारलं, बाटल्या कोण धुतं? काम सुटून घरी गेले असते तर पहिलं येईल त्या स्थळाशी लग्न लावून दिलं असतं.

"साहेब, ते मी..."

"पूजा मी सांगितली," मॅडम म्हणाल्या. "बाटल्या न बघता मीच भरल्या. तिला यात आणू नका."

मुदतवाढ मिळाली नाही. मॅडम लातूरला शिकवायला गेल्या. माझं काम राहिलं. जाताना त्यांनी फ्रीजमधली यीस्टची बशी दाखवली.

"एवढं जिवंत ठेवशील?"

"हाव."

त्यांनी शिकवली तशी मी अधूनमधून नव्या बशीत यीस्टची रेघ ओढते. वीज गेली की जीव थाऱ्यावर राहत नाही, फ्रीजला कुणाला हात लावू देत नाही. औषध त्यातून अजून निघालेलं नाही, निघेल का ठाऊक नाही. पण मॅडम, तुम्हाला पुन्हा प्रयोगशाळा मिळेल त्या दिवशी ही बशी घेऊन मी स्वतः लातूरला येईन. तुमचे उपकार मी असेच फेडीन.