अब्बांचा गाल आणि सरकारी कार्ड

आमच्या घरात बोलणं हिंदीत चालतं, पण टोमणा मारायचा असला की अब्बा मराठीत शिरतात. ही सवय त्यांना खडकीच्या कारखान्यात लागली. तिथे ते तयार मालाची तपासणी करायचे. निवृत्त झाल्यावर तपासायला माल उरला नाही, म्हणून माणसं तपासू लागले. मी लग्न होऊन वारज्याला आले. फोन केला की पलीकडून पहिलं वाक्य ठरलेलं, "आज आमची आठवण? चुकून लागला का?"

असे हे अब्बा मागच्या वर्षी हळूहळू गप्प झाले.

त्यांच्या उजव्या गालात कळ यायची. विजेचा झटका बसावा तशी, क्षणभर, आणि सावरेपर्यंत दुसरी. बोललं की यायची, चावलं की यायची, नुसता पंख्याचा वारा लागला तरी यायची. सगळ्यांना वाटलं, दाताचं असेल. गल्लीतले दातांचे डॉक्टर अब्बांचे जुने दोस्त. त्यांनी एक दाढ काढली. कळ थांबली नाही म्हणून शेजारची काढली. तिसरीकडे वळले तेव्हा अब्बांनी त्यांचं मनगट धरलं आणि कळ सोसून म्हणाले, "डॉक्टर, निदान जीभ तरी राहू द्या."

पुढे तेवढंही बोलणं परवडेना. अम्मीला आधी वाटलं, आपल्यावर रागावलेत. दाढी करायला हात लावता येईना म्हणून दाढी वाढली, तर मशिदीत लोक खांद्यावर थाप मारून म्हणायला लागले, "माशाअल्लाह, उशिरा का होईना." अब्बांना खुलासा करायचा असायचा, पण त्याला चार वाक्यं लागली असती. ते नुसतेच हसल्यासारखं करायचे आणि लोकांना ती नम्रता वाटायची.

एका दुपारी मी गेले तर ते शोरब्याच्या वाटीसमोर बसले होते. वाटी भरलेली, शोरबा गार, आणि डोळ्यांत पाणी. मला बघून त्यांनी वाटी बाजूला सरकवली. त्या दिवशी मला पहिल्यांदा भीती वाटली.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी अखेर नेमकं सांगितलं. चेहऱ्याच्या नसेवर आत, मेंदूपाशी, एक रक्तवाहिनी टेकली होती. गोळ्या दिल्या. त्यांनी कळ थोडी कमी झाली, पण अब्बा झोपेत चालल्यासारखे भिंतीला धरून चालू लागले. मग डॉक्टर म्हणाले, "ऑपरेशन करून घ्या. कानामागून करतात. तुमच्या कार्डावर होतं. फक्त न्यूरोसर्जन शोधा." त्यांनी चिठ्ठी लिहून दिली. 'फक्त' हा शब्द त्यांनी इतक्या सहज उच्चारला की मलाही ते काम सोपं वाटलं.

कार्ड म्हणजे निवृत्त कर्मचाऱ्यांचं सरकारी आरोग्य कार्ड. आम्ही पैसे घालतो म्हटलं, तर अब्बांनी मान हलवली आणि बोटाने कार्डावर टकटक केलं. नोकरीभर त्यासाठी पगार कापून घेतलाय, आता पाळी सरकारची, असा त्याचा अर्थ.

पहिल्या हॉस्पिटलात दारातच पाटी होती, की हे कार्ड स्वीकारलं जातं. मी खूश. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "चालतं ना. हाडांना चालतं."

"आणि मेंदूला?"

"मेंदूचे सर कार्ड बघत नाहीत."

"मग काय बघतात?" अब्बांनी विचारलं, आणि लगेच गाल धरून खाली बसले. ती बिचारी पाणी घेऊन धावली.

दुसरीकडे सर्जन कार्ड घेत होते. त्यांनी अब्बांना नीट तपासलं, चौकशी केली आणि म्हणाले, "पण मी फक्त मणक्याचं काम करतो." तिसरीकडे फोनवरच कळलं की सरकारशी करार संपलाय. नवा कधी होईल, विचारलं, तर उत्तर आलं, "ते तुम्हाला कळलं तर आम्हालाही सांगा."

मी ऑफिसात डबा खाता खाता फोन करत राहिले. रिसेप्शनवाल्यांशी बोलून बोलून माझा आवाज इतका मधाळ झाला की नवरा म्हणाला, "माझ्याशी कधी असं बोलत नाहीस."

"तुमच्याकडे ऑपरेशन थिएटर नाही," मी म्हटलं. अब्बांची गादी कोणीतरी चालवायला हवी होती.

मार्ग निघाला तो दातांच्या डॉक्टरांमुळे. दोन चांगल्या दाढा काढल्याचं त्यांच्या मनाला लागलं होतं. एका सकाळी ते घरी आले आणि चहाला हात न लावता म्हणाले, "माझ्या वर्गमित्राची बहीण न्यूरोसर्जन आहे. कात्रजच्या बाजूला बसते. हेच ऑपरेशन करते, कार्डही घेते. फक्त बोलायला फार तुटक आहे." अब्बांनी अंगठा वर केला.

डॉक्टरबाईंनी आधी एमआरआय पाहिला, मग अब्बांना.

"कुठे दुखतं?"

अब्बांनी बोट दाखवलं.

"बोलून सांगा."

"बोललं की दुखतं."

"आत्ता दुखलं?"

अब्बांनी मान डोलावली.

"मग तेच आहे." त्यांनी चष्मा डोक्यावर सरकवला. "ऑपरेशन करू."

मी कार्डाबद्दल घोळून घोळून प्रस्तावना सुरू केली. त्यांनी ती मध्येच तोडली. "चालतं."

"म्हणजे हॉस्पिटलला चालतं, की तुम्ही स्वतः..."

"इथे दुसरं कोणी दिसतंय का?"

"नाही, बाकीचे डॉक्टर घेत नाहीत, म्हणून विचारलं."

"पैसे उशिरा येतात. पण येतात." एवढं बोलून त्यांनी कागदी रुमालांचा डबा माझ्याकडे सरकवला, कारण मी रडायला लागले होते. बाहेर आल्यावर अब्बा हळूच म्हणाले, "मराठी चांगलं आहे बाईंचं."

मंजुरी यायला वेळ लागला, पण आली. ऑपरेशनच्या सकाळी स्ट्रेचरवरून त्यांनी अम्मीला सांगितलं, "घबराना मत." हिंदीत म्हणाले, म्हणजे मनापासून. अम्मी तस्बीहचे मणी ओढत बसली. मी तिच्या शेजारी बसून काहीही वाचत नव्हते, तरी पेपर उघडा धरला होता. बऱ्याच वेळाने डॉक्टरबाई बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "झालं. नस मोकळी केली आहे." आणि चहाला निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी आम्हाला आत सोडलं. अब्बांनी एक बोट गालावर ठेवलं आणि थांबले. काही झालं नाही. पुन्हा ठेवलं. मग पूर्ण तळहात ठेवून डोळे मिटले. अम्मी म्हणाली, "कुछ तो बोलो."

"काय बोलू? विषय द्या," अब्बा म्हणाले.

आम्ही इतक्या हसलो की सिस्टरने आम्हाला बाहेर काढलं.

आता त्यांना उजव्या कानाने जरा कमी ऐकू येतं. गैरसोयीचं ऐकायचं नसेल तेव्हा डाव्यानेही येत नाही. कारखान्यातले जुने सोबती त्यांना फोन करतात, कुणाच्या बायकोचं दुखणं, कुणाच्या भावाची नस. कार्डावर बघणारी डॉक्टर कुठे बसते, एवढंच त्यांना हवं असतं. अब्बा पहिल्या दाढेपासून सुरुवात करतात आणि पत्ता सगळ्यात शेवटी सांगतात.