अर्धं बी काकींकडे

रविवार, गिरीज, सासऱ्यांच्या वाडीतली पडवी. हजर: सासरे, धाकटे दीर, शेजारच्या काकी आणि मी. गैरहजर: आमचे हे, कारण जेवणात वालाचं बिरडं होतं आणि त्यांना झोप आली.

विषय एकच. दिरांनी मोठ्या घरासाठी काही वर्षं क्रिप्टोची नाणी जमवली होती. ती ज्या फोनमध्ये होती तो गच्चीवरच्या टाकीत पडला. नाणी परत मिळवायला बारा इंग्रजी शब्द लागतात, तेही त्याच क्रमाने. त्यांना ‘सीड’ म्हणतात. फोटो काढायचा नाही, कागदावर लिहून दोन ठिकाणी ठेवायचं, हा नियम दिरांनी पाळला होता. त्यांच्या मनवेलपाड्याच्या फ्लॅटमधला कागद रंगकामात गेला. दुसरा बाबांकडे, म्हणजे सासऱ्यांकडे होता.

“सीड म्हंजे बी, जपून ठेवा, असं तूच सांगितलंस,” म्हणत बाबांनी बियांना कीड लागू नये म्हणून ठेवलेल्या राखेच्या डब्यातून, दुधीच्या बियांखालून, कागद काढला. वरचे सहा शब्द होते. खालचा भाग कापलेला.

“बाकीचे?” दिरांनी विचारलं.

“सगळं बी कोनी एका घरात ठेवतं? अर्धं काकीला दिलं. आपलं किडलं तर तिचं असतं.”

दिरांनी कपाळ धरलं. “बाबा, हे बारा शब्द ज्याच्या हाती, त्याची नाणी.”

“म्हनून तर सहाच दिले.”

काकींनी त्यांचा तुकडा आणला. उंदराने उजवी कड कुरतडली होती.

“राख संपली होती, भाऊ,” काकी म्हणाल्या.

हे शब्द एका ठरलेल्या यादीतलेच असतात, आणि पहिल्या चार अक्षरांवरून शब्द पक्का कळतो. पाच शब्दांची चार-चार अक्षरं शाबूत होती. सहाव्याची तीनच: बी, ए, एन. यादीत दोन शब्द निघाले, बनाना आणि बॅनर.

“केळ्यांच्या गावात, गिरीजमध्ये बसून काय विचारतोस? केळंच,” बाबा म्हणाले.

दिरांनी नव्या फोनवर केळं घातलं. चाललं नाही. मग बॅनर घातला, आणि नाणी दिसली.

“नाक्यावर बघ, बॅनरच वाढलेत. केळी कुठे राहिली?” काकी म्हणाल्या.

जुने शब्द शेजारी पोचलेले, म्हणून दिरांनी नवे बारा घेऊन नाणी तिकडे हलवली. माझ्याकडे एक काम उरलंय: हे बी वाटायचं नसतं, हे बाबांना समजावणं. दीर म्हणतात, “वहिनी, तुम्हीच सांगा.”

काल बाबांचा फोन आला. काकी विचारत होत्या, नवं बी कधी देताय.