मच्छिंद्र मिस्त्रीचा लाल हूक

संगमनेरला नाशिक-पुणे रस्त्यालगत मच्छिंद्र मिस्त्रीचं पत्र्याचं गॅरेज होतं. माणूस फार कमी बोले, आणि न बोलणाऱ्या माणसांचा मला भयंकर राग येतो. मी डॉक्टरीण, पेशंट गप्प बसला तर काय त्याच्या कपाळावर वाचायचं? पण हा मिस्त्री मुक्या गाडीचं दुखणं बरोब्बर ओळखायचा.

१९७१ साली माझी जुनी फियाट पुढचे टायर खायला लागली. वर्षात दोन जोड्या गेल्या. नव्या टायरसाठी नाव नोंदवून महिनोन्महिने वाट बघावी लागे, आणि गाडीला होती ती माझी शेवटची जोडी. ती गेली की आढळा नदीपलीकडच्या पाच गावांत बाळंतपणाला जाणं बंद. तिकडे एसटी नव्हती, दुसरा डॉक्टरही नव्हता.

मिस्त्रीने टायरवर तळवा आडवा फिरवला. आतून बाहेर, मग बाहेरून आत. माझाही हात धरून तसाच फिरवायला लावला.

"आत नेताना टोचतंय न्हवं? चाकं पुढून फाकलीत. गाडी घासत चाललीय."

मग त्याने दोन्ही बाजूंनी मागच्या चाकापासून पुढच्यापर्यंत सुतळी ताणली आणि चाकांमधलं अंतर पुढून-मागून मोजलं. पुढची चाकं जोडणारा खालचा रॉड जरा वाकला होता. "दगड लागला आसंल," म्हणत तो सरळ केला आणि त्याच्या टोकाचे आटे फिरवून चाकं पुढून जोंधळ्याच्या दाण्याएवढी आत घेतली. नंतर मोकळ्या रस्त्यावर मला स्टिअरिंग सोडायला सांगितलं. गाडी नाकासमोर गेली. मी खूश!

पंधरा दिवसांत टायर पुन्हा टोचू लागले. माझं डोकंच फिरलं. गॅरेजात पाच-सहा ड्रायव्हर बसले होते, त्यांच्यासमोर मी मिस्त्रीला वाटेल ते बोलले. "सुतळ्या ताणून गाड्या दुरुस्त होतात होय?" असंही म्हणाले. तो गाडीखाली सरकला. बाहेर आला तेव्हा त्याच्या चिमटीत रॉडला अडकलेले काथ्याचे तंतू होते.

"बाई, गाडीला बैल जुपता काय?"

जुंपतच होते. आढळेच्या कोरड्या पात्रात गाडी हटकून वाळूत रुतायची. गावकरी बैल आणायचे, दोर हाताला लागेल तिथे, म्हणजे त्या रॉडलाच बांधायचे, आणि मी आतून ओरडायचे, "कुठंही बांधा, पण लवकर ओढा!"

"मी दगड म्हनलो, ते माजं चुकलं," मिस्त्री म्हणाला.

चूक माझी, आणि कबूल करत होता तो! मला स्वतःची लाज वाटली, पण तोंडातून निघालं एवढंच, "बरं, आता आटपा."

त्याने दुसरा रॉड घातला, चाकं पुन्हा सुतळीवर घेतली आणि गाडीच्या सांगाड्याला जाड लोखंडी हूक बसवून तांबडाभडक रंगवला. "दोर हितंच बांधायचा," म्हणाला.

आठवड्याने भर दुपारी निरोप आला. नदीपलीकडच्या सहादेवची बायको राहीबाई सकाळपासून अडली होती. मी निघाले आणि नेमकी पात्रात रुतले. सहादेव बैल घेऊन धावत आला. मी सवयीनं ओरडले, "कुठंही बांधा, पण ओढा!" आणि जीभ चावली. हूक दाखवायला घाईने उतरले, तर सहादेव गुडघ्यावर बसून त्या लाल हुकालाच गाठ मारत होता.

"तुला कुणी सांगितलं रे?"

"मिस्त्री सायकलवर आल्ते. पाची गावं फिरले, बैलं हायेत त्या दारी जाऊन सांगून गेले. म्हनले, बाईंना घाई आसती, त्यांच्या ध्यानात ऱ्हानार न्हाई. तुमी ध्यानात ठिवा."

मला त्याने यातलं अवाक्षर सांगितलं नव्हतं.

राहीबाईला मुलगी झाली. दोघी सुखरूप. परत येताना सरळ रस्त्यावर मी स्टिअरिंग सोडून पाहिलं. गाडी नाकासमोर चालली होती आणि मला रडू आवरत नव्हतं.

तशीच, बाळंतपणाची बॅग हातात घेऊन गॅरेजात गेले. तेच ड्रायव्हर बसले होते. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "मिस्त्री, चूक माझी होती. मी तुम्हाला नको ते बोलले."

त्याने टायरकडे पाहिलंसुद्धा नाही.

"बाळंतीन बरी हाय न्हवं?" त्याने विचारलं.